नलूताईचा मोटारीचा दिवा

नलूताई, आधी भांडण, मग रडणं. आपला क्रम नेहमी हाच होता. तू नाहीस म्हणून तो आज बदलणार नाही.

परवा दवाखान्यात तुझी शोकसभा झाली. अध्यक्षांनी तुझ्या पदव्या वाचून दाखवल्या आणि मग म्हणाले, ‘डॉक्टर नलिनीताई अत्यंत मितभाषी होत्या.’ मी मागच्या बाकावर बसले होते. मला हसू आवरेना, पदराचा बोळा तोंडात धरला. शेजारची नर्स पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला वाटलं मी रडतेय. मितभाषी म्हणे. एका दिव्यावरून माझ्याशी वर्षानुवर्षं भांडलेली बाई मितभाषी. पण त्यांचा तरी काय दोष, ते कधी आपल्या अंधाऱ्या खोलीत आलेच नाहीत.

पालघरच्या त्या धर्मादाय दवाखान्यात तू क्षयाच्या तपासणीची डॉक्टर आणि मी लॅबवाली. तू चिंचणीच्या बागायतदारांची, चिकूच्या वाडीतली लेक. मी नवापूरच्या कोळीवाड्यातली हिरा, जिच्या दप्तराला सुक्या बोंबलांचा वास येतो म्हणून कॉलेजात शेजारी कुणी बसत नसे. बाहेर मी तुला ‘मॅडम, तुम्ही’ म्हणायची. आत गेलं, दार लावलं, काळा पडदा ओढला की तू म्हणायचीस, ‘मॅडम बाहेर राहिली. आता बोल.’ मग मी ‘नलूताई, तू’ म्हणायला लागले, ते कायमचंच. तुझ्या पहिल्याच आठवड्यात मी तुला विचारलं होतं, की माझ्या वासाचा तुला त्रास होतो का. तू म्हणालीस, ‘मला तुझ्या बडबडीचा होतो. वासाचं चालेल.’

डोळे अंधाराला सरावल्याशिवाय स्लाईडला हात लावायचा नाही, हा तुझा कायदा. त्या रिकाम्या वेळात आपण दोघी नुसत्या बसायचो. माझं लग्न मोडलं ते तुला तिथेच सांगितलं. तू लग्न का केलं नाहीस, ते तू मला तिथेच सांगितलंस, आणि ते मी इथे लिहिणार नाही. अंधारात माणूस खरं बोलतं, कारण समोरच्याचं तोंड दिसत नाही. मग तू म्हणायचीस, ‘झाले डोळे. चल.’

लोकांना वाटतं, सूक्ष्मदर्शकाखाली जंतू आपोआप दिसतात. दिसत नाहीत. जुन्या पद्धतीत बेडक्याची स्लाईड लाल रंगवायची, तेलाचा थेंब टाकायचा आणि निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या शोधत बसायचं. एकेका स्लाईडपायी मान मोडायची. ओ.पी.डी.च्या दिवशी डोंगरातल्या पाड्यांवरून, किनाऱ्यावरून, बोईसरच्या कारखान्यांमधून माणसं यायची आणि संध्याकाळच्या गाडीच्या आत त्यांना उत्तर हवं असायचं. उत्तर न घेता गेलेला माणूस पुन्हा येईलच असं नव्हतं. कधी आलाच तर बायकोला खांद्यावर टाकून यायचा.

म्हणून तू ती दुसरी पद्धत आणलीस. ऑरामीन नावाचा पिवळा रंग जंतूच्या मेणचट अंगाला चिकटतो. त्यावर निळा किंवा जांभळा उजेड टाकला की रंग स्वतः पिवळा उजेड परत फेकतो. मध्ये एक काच अशी घालायची की आपला टाकलेला उजेड अडेल आणि फक्त परत आलेला डोळ्यापर्यंत पोचेल. मग सगळं काळं, आणि त्या काळ्यात पिवळ्या बारीक काड्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, ‘नलूताई, हे तर रात्री किनाऱ्यावरून दिसणारे बोटींचे दिवे.’ तू म्हणालीस, ‘बोटी मोज.’

पण उजेड टाकायचा कशाने? इथे आपलं भांडण सुरू झालं.

मुंबईच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत तू मला बघायला नेलं होतंस. तिथे पाऱ्याच्या वाफेचा दिवा होता. काय उजेड, देवा. स्लाईडवर नजर ठेवायचा अवकाश, काड्या जशा काही हाक मारत होत्या. परत येताना मी ठरवूनच टाकलं, की आपल्याला हाच पाहिजे. आणि तू काय म्हणालीस? ‘आपल्याला हॅलोजन पुरेल. मोटारीच्या पुढच्या दिव्यात असतो तो.’

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, ‘मुंबईच्या शेठच्या बेडक्याला पाऱ्याचा दिवा, आणि आमच्या मुरबे गावच्या कोळणीच्या बेडक्याला मोटारीचा? गरिबाच्या दवाखान्याला दिवा पण गरीबच का?’

तू शांतपणे कारणं सांगत बसलीस. त्याने मी जास्तच चिडायची. पाऱ्याचा दिवा ठरावीक तास जळला की बदलायचा. तो परदेशातून येतो. पेटवला की तापायला वेळ घेतो, आणि एकदा विझला की गार होईपर्यंत पुन्हा पेटत नाही. आपल्याकडे तर शेजारी अणुवीज केंद्र असून वीज दिवसातून दहा वेळा डोळा मारते. हॅलोजन बारा व्होल्टचा, बॅटरीवर चालतो, वीज गेली तरी त्याला पत्ता नसतो. ‘उजेड किती मिळतो ते नाही बघायचं, हिरा. किती लागतो ते बघायचं.’ मी म्हटलं, ‘हे तू जेवणाबद्दल कुणा उपाशी माणसाला सांगून बघ.’ त्यावर तू दोन दिवस बोलली नाहीस.

जिंकले मी. म्हणजे मी नाही, एक देणगीदार जिंकले. त्यांना नाव लावण्याजोगी वस्तू हवी होती, आणि मोटारीच्या बल्बवर नाव लावता येत नाही. पाऱ्याचा दिवा त्याच्या जांभळ्या काचेसकट आला, नारळ फुटला, पेढे वाटले. तू आधीच हौसेने जमवून ठेवलेला हॅलोजनचा बल्ब आणि निळी काच कपाटात गेली. बोईसरच्या ट्रकवाल्यांच्या गल्लीत तू तो बल्ब आणायला गेली होतीस तेव्हा मी बरोबर होते. दुकानदाराने विचारलं, ‘मैडम, गाडी कौनसी है?’ तू म्हणालीस, ‘गाडी नहीं, दुर्बीन है.’ त्याने बल्ब पुड्यात बांधताना तुझ्याकडे नीट बघून घेतलं.

पाऱ्याचा दिवा म्हणजे घरात आलेला नवा जावईच निघाला. आल्याबरोबर काम सांगायचं नाही, आधी निवांत तापू द्यायचं. वीज गेली की रुसला. रुसला की मनवून उपयोग नाही, आपणच बाहेर चहा पीत बसायचं आणि ओ.पी.डी.तल्या लोकांची तोंडं बघायची. तरी मी त्याची बाजू सोडली नाही. तू एकदाही ‘मी सांगितलं नव्हतं?’ म्हणाली नाहीस. त्याबद्दल मी तेव्हा तुझे आभार मानले नाहीत. आता मानते.

आणि आपल्या शिंपल्या. बाहेरच्यांना हे सांगितलं तर हसतील. प्रत्येक स्लाईड तू वाचायचीस, मी वाचायची, पण एकमेकींना बोलायचं नाही. नवापूरच्या किनाऱ्यावरच्या दोन शिंपल्या आणि दोन वाट्या. जंतू दिसले तर शिंपली उताणी, नाही दिसले तर पालथी, आणि वर वाटी झाकायची. मग दोघींनी एकदम वाट्या उचलायच्या. जुळलं तर उत्तर लिहायचं, नाही जुळलं तर पुन्हा वाचायचं. ‘मी मोठी डॉक्टर म्हणून तू माझ्यासारखंच म्हणणार, आणि तू हट्टी म्हणून मी तुझ्यासारखं म्हणणार,’ असं तू म्हणायचीस, ‘त्यापेक्षा शिंपल्यांना बोलू दे.’

पाऱ्याचा दिवा आल्यावर शिंपल्या जुळेनाशा झाल्या. सगळ्यांच्या नाहीत, काहींच्याच. त्या स्लाईडांवर काळोख नसायचाच. सगळीकडे निळंपांढरं धुकं. आपण रंग नवा केला, पाणी उकळून गाळलं, स्लाईडा पुन्हा पुन्हा धुतल्या. मी म्हटलं तुझा रंग जुना, तू म्हणालीस माझं धुणं कच्चं. आणि त्याच दिवसांत दुपारी दामू डबा घेऊन आला.

दामू म्हणजे माझा धाकटा भाऊ. बापाच्या माघारी होडी विकावी लागली आणि तो बोईसरला कारखान्यात लागला. कपड्यांना पांढरी झळाळी आणणारी पावडर बनायची तिथे, आणि हा ती पोत्यांत भरायचा. अंधाऱ्या खोलीत डोकं घालून म्हणाला, ‘बाय, आयनं डबा दिलाय. यात काय दिसते गो?’ आणि म्हणता म्हणता दिव्याखाली, जिथे स्लाईड ठेवतात तिथे, बोट ठेवलं. तिथे जांभळा ठिपका पडला होता. दामूचं बोट निळंपांढरं पेटलं. नखाची कड, कातडीच्या रेघा, सगळं झळाळलं. तो हसला, मी हसले. म्हटलं, ‘दामू, तू तर चांदण्याचा झालास.’

तू हसली नाहीस. त्याचा हात बाजूला घेतलास आणि विचारलंस, ‘पोती भरताना तोंडाला काय बांधतोस?’ तो म्हणाला, ‘काय नाय. फडका हाय, पण गरम होते.’ आणि खोकला. तेव्हा मी तो खोकला पहिल्यांदा ऐकला. घरात रोज ऐकत होते, पण तुझ्यासमोर पहिल्यांदा ऐकला.

धुकं रंगाचं नव्हतं आणि पाण्याचंही नव्हतं. ती पावडर माणसांच्या छातीत होती, बेडक्यात येत होती, आणि आपला तो झगमगीत दिवा जंतूआधी तिलाच पेटवत होता.

दामूच्या एक्स-रेत डाग निघाला. छातीचे डॉक्टर म्हणाले, ‘क्षय असेल किंवा धूळ असेल. फोटोवरून सांगता येत नाही.’ जुन्या लाल पद्धतीत काही सापडलं नाही. मी तुला अंधारात विचारलं, की धूळ असली तर काय.  तू म्हणालीस, ‘क्षयाला औषध आहे, हिरा.’ एवढंच म्हणालीस. मला बाकीचं कळलं.

त्या रात्री मी गावदेवीला हात जोडले आणि मागितलं, माझ्या भावाला क्षय असू दे. दुसऱ्यांच्या घरी क्षय निघाला की आयाबहिणी कशा कोसळतात ते रोज बघणारी मी, मी हे मागितलं. सुया, लाल गोळी, लोकांचं टाळणं, सगळं चालेल. पण असा आजार दे ज्याला उतारा आहे.

दुसऱ्या दिवशी दामूची स्लाईड पाऱ्याच्या दिव्याखाली ठेवली. निळं धुकं होतंच. मी बघत राहिले, बघत राहिले, आणि मला त्या धुक्यात पिवळ्या काड्या दिसल्या. शपथेवर सांगते, दिसल्या. मी शिंपली उताणी ठेवली. वाट्या उचलल्या तर तुझी पालथी.

‘मला दिसत नाहीत,’ तू म्हणालीस.

‘मला दिसतात.’

‘तुला हव्या आहेत म्हणून दिसतात.’

नलूताई, इतकं कुणी मला आयुष्यात दुखावलं नाही. मी म्हटलं, तुझ्या घरी कुणी मरत नाहीये. म्हटलं, तुला काय जातंय, लिहून टाक क्षय, औषध सुरू होईल. तू म्हणालीस, ‘आणि तो धूळ खात पोती भरत राहील. महिनोन् महिने आपण चुकीच्या आजाराला औषध देत राहू.’ मी पडदा फाडल्यासारखा ओढून बाहेर निघून गेले. चार लोकांदेखत ‘मॅडम, तुमचं काळीज दगडाचं आहे’ म्हणाले. तू मान हलवलीस, जणू कुणी वेळ सांगितली होती.

दामूकडून तू पुन्हा बेडका मागवलास, पहाटेचा. कपाटातून हॅलोजन काढलास. ट्रकची बॅटरी टेबलाखाली ठेवलीस. जांभळी काच पाऱ्याच्या दिव्याबरोबर गेली, तुझी निळी काच आली. ती पावडर जांभळ्या उजेडात पेटते, नुसत्या निळ्यात झोपून राहते, हे तू मला समजावायला आलीस तर मी पाठ फिरवली. मग तू माझ्यासमोर सगळ्या ओ.पी.डी.च्या स्लाईडा घेतल्यास, नावं कागदाने झाकलीस आणि पत्ते पिसतात तशा पिसल्यास. ‘यात दामू आहे. कुठला ते मला ठाऊक नाही, तुलाही नाही. आता वाच.’

मोटारीचा दिवा मंद. मी म्हणत होते तसाच मंद. डोळे सरावेपर्यंत तू मला नेहमीपेक्षा जास्त वेळ बसवलंस. मग तू दिव्यापुढची पडदी आवळून उजेडाचा गोल लहान केलास, जेवढं दिसतंय तेवढाच. ‘बाकीच्यावर उजेड सांडू नकोस. नाहीतर आपण तिथे पोचेपर्यंत रंग विटून गेलेला असेल.’ मी एकेक गोल बघत सरकत गेले. एक स्लाईड, दुसरी, तिसरी. धुकं नव्हतं. काळोख स्वच्छ होता. कुठल्या स्लाईडमध्ये माझा भाऊ आहे ते ठाऊक नसल्यामुळे प्रत्येकीत तो होता, आणि म्हणून मी प्रत्येक स्लाईड सारख्याच भीतीने वाचली. तसं वाचायला तूच मला त्या दिवशी शिकवलंस.

एका स्लाईडवर, अगदी कडेला, तीन-चार काड्या होत्या. फिकट, पण होत्या. मी उताणी शिंपली ठेवून वाटी झाकली आणि माझा हात वाटीवरून हलेना. तू उठून माझ्या हातावर हात ठेवलास. दोन्ही वाट्या आपण तशाच, एकमेकींचा हात न सोडता उचलल्या. तुझीही उताणी. मग तू कागद काढून नाव वाचलंस.

मी रडले ते आनंदाने की कशाने, मला अजून ठरवता आलेलं नाही. भावाला क्षय निघाला म्हणून हसणारी बहीण तू तरी दुसरी कुठे पाहिलीस?

त्यानंतर तू नियमच केलास, घरच्याची स्लाईड घरच्याने वाचायची नाही. वाचावीच लागली तर नाव झाकून. कारखान्यात जाऊन त्या पोतेवाल्यांच्या तोंडाला नीट मुखपट्ट्या बांधायला लावल्यास, मालकाशी इतकी भांडलीस की त्याने पुढच्या वर्षी देणगी दिली नाही. मितभाषी.

दिव्यांचं आपलं भांडण मात्र मिटलं नाही. पुढे पाऱ्याच्या दिव्याला बसणारी निळी काच मिळाली आणि अवघड, थोड्या जंतूंच्या स्लाईडा मी हट्टाने त्याच्याखाली वाचायला लागले. तुला मान्य करावं लागलं, की तिथे तो भराभर दाखवतो. पण मान्य करताना तू म्हणायचीस, ‘वीज असली तर.’ रोजच्या कामाला मोटारीचाच राहिला. गरिबाला गरीब दिवा का, या माझ्या प्रश्नाचं उत्तर तू दिलं नाहीस. पुरेसा आणि चांगला यांत फरक असतो, नलूताई, आणि पुरेसा नेहमी आमच्याच वाट्याला का येतो? हे मी अजून विचारतेय. तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘आधी स्लाईड वाच.’

आणखी एक विचारायचं राहिलं. त्या पहिल्या दिवशी, धुक्यातल्या स्लाईडवर, तुलाही काड्या हव्या होत्या ना? दामू लहान असताना आमच्या घरी त्याला तू हाताने भरवलं होतंस. मग तुझ्या डोळ्यांनी तुला कसं फसवलं नाही? हे मी अंधारात विचारायला हवं होतं.

आता माझं भांडण. तुझ्या रक्ताचा आजार मला कळला तो तू अंथरुणाला खिळल्यावर. मी या दवाखान्यातलं सगळ्यांचं रक्त बघते, आणि तुझी बाटली मात्र मुंबईला गेली. मी तुझ्या खोलीत येऊन तणतणले. माझ्यावर भरवसा नव्हता का, माझे डोळे गेले का, म्हणून विचारलं. तू उशीवरून माझ्याकडे बघून म्हणालीस, ‘नियम विसरलीस?’ मला कळलं नाही. रागातच घरी आले. चूल पेटवता पेटवता कळलं, आणि मग भात करपला तरी मी तिथून उठले नाही. दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे आले.  पेज पाजली, वेणी घातली.

तुला न्यायची वेळ झाली तेव्हा तीन पुतण्यांनी खांदा दिला. चौथ्या खांद्याला कोण म्हणून सगळे इकडेतिकडे बघत असताना दामू पुढे आला. औषध पुरं करून तो आता पुन्हा नवापूरहून होडी घेऊन जातो, अंगाने भरलाय. ‘आमी हाव,’ एवढंच म्हणाला. बायका फाटकाशी थांबल्या. मी थांबले नाही, आणि माझ्या तोंडाकडे बघून कुणी अडवलंही नाही. वाटेत खांदा बदलायला लोक पुढे येत होते. पुतण्यांनी बदलला. दामू मान हलवून ‘नाय’ म्हणत राहिला. स्मशानाच्या अलीकडे तो चढ आहे, तिथे बाकीच्यांची पावलं मंदावली. मी दामूच्या अगदी मागे चालत होते. रामनाम चाललं होतं, पण मी ते ऐकत नव्हते. मी त्याचा श्वास ऐकत होते. तुला खांद्यावर घेऊन तो सगळा चढ चढला, नलूताई, आणि त्याला एकदाही दम लागला नाही.